मारिनच्या मुठीचं वल्हं

मी एक जुनं वल्हं आहे, मित्रांनो. होडीघराच्या तुळईला दोन दोऱ्यांनी टांगलेला असतो. माझा दांडा जुना, पातं जुनं, पण मूठ नवी आहे. जुनी मूठ कुठे गेली, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. ती गेली नसती तर एका मुलीचा हात गेला असता.

आमच्या बेटांवर झाडं उगवत नाहीत, वारा उगवू देत नाही. इथे लाकूड येतं ते समुद्रातून. कुठल्याशा दूरच्या नदीतून निसटलेला ओंडका बर्फातून आणि खाऱ्या पाण्यातून भटकत भटकत किनाऱ्याला लागतो आणि ज्याच्या जमिनीपुढे लागेल त्याचा होतो. मी असाच आलो. मला घडवणारा सुतार अर्ध्यावर रंधा खाली ठेवून म्हणाला होता, "हे लाकूड ऐकतं." मग त्यानं हात पुसले आणि त्या दिवशी पुन्हा काही मला हात लावला नाही.

अशा लाकडाबद्दल गावात एक रीत आहे. समुद्रानं दिलेल्या लाकडाचं वल्हं एकदा कुणाच्या हातात बसलं की त्याच्या मुठीला पुन्हा हत्यार लावायचं नाही. लावलं, तर समुद्र तेवढंच मांस मागून घेतो. लहानपणी हे ऐकून हसणारी माणसंही मोठेपणी रीत मोडत नाहीत.

सुतारानं मला घडवलं ते त्याच्या पुतणीसाठी, मारिनसाठी. मारिनची मनगटं जन्माचीच वेगळी होती, पण ती झपाट्यानं वाढायला लागली तेव्हाच ते डोळ्यांना दिसलं. मनगटाच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा आला आणि हात तिथून खाली उतरल्यासारखा झाला. तळवा आकाशाकडे पुरता उघडेना. पंजा मागे वळेना. दुसऱ्या एखाद्या गावात लोकांनी तिची कीव केली असती. आमच्या गावात म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. "सीलचा हात," ते म्हणाले. सील म्हणजे आमच्या समुद्रातला मिशाळ, वल्ह्यासारख्या पंजांचा प्राणी; अशा घराण्यात कधीतरी एखादी सील बाई होऊन समुद्रातून चालत वर आलेली असते, असं इथे मानतात. सीलचा हात वल्हवताना थकत नाही आणि तो ज्या होडीत असतो ती होडी परत येते.

मग काय, प्रत्येक होडीला मारिन हवी झाली. पुरुष लांबच्या मासेमारीला गेले की खाडीपलीकडे दूध न्यायचं, टपाल आणायचं, सुईण आणायची, सगळं तिच्यावर. दाट धुक्यातसुद्धा. आणि मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. सील यायचे. ती ज्या बाजूला वल्हवत असे त्याच बाजूला पाण्यातून गुळगुळीत डोकी वर येत. आवाज करत नसत, अंगावर येत नसत. ओल्या काळ्या डोळ्यांनी नुसते तिच्या हातांकडे बघत राहत.

तिचं मनगट मागे वळत नसे, म्हणून ती मला वेगळ्याच तऱ्हेनं धरायची. कोपर वर, बोटं आकड्यासारखी, अंगठा खालून गच्च दाबलेला. तशी वर्षं गेली आणि माझ्या मुठीत खळगे पडले. बोटांचे चार, अंगठ्याचा एक, तळव्याच्या टाचेचा एक. दुसऱ्या कुणी मला धरलं की त्याच्या हाताला फोड यायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे. मला वाटायचं, हेच प्रेम.

दुखतं असं ती कधी म्हणाली नाही. सगळं दुखणं तिनं अंगावर काढलं. अख्खं गाव जिला न थकणारी म्हणतं, तिनं थकले म्हणायचं कुणाजवळ? आमच्याकडे एक झाड उगवत नाही, पण माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोक मागेपुढे पाहत नाहीत.

पुढे होड्यांना इंजिनं आली. डोंगरातून बोगदा निघाला, खाडी ओलांडायचं कारणच उरलं नाही. मारिन म्हातारी होऊन गेली आणि मला तुळईला टांगलं.

ती गेली त्या हिवाळ्यापासून माझी मूठ ओली राहू लागली. पाऊस नसला, ऊन असलं, तरी ओली. प्रत्येक खळग्यात थेंबभर पाणी साचे आणि खालच्या फळीवर टपकत राही. पोरं पैज लावून ते पाणी चाटायची, खारट म्हणून थुंकायची आणि धूम ठोकायची. कुत्री होडीघराच्या उंबऱ्याशीच थांबत. धुकं पडलं की होडी ओढायच्या उतारावरून काहीतरी जड, ओलं, सरपटत वर येई. दाराच्या फटीतून मला दोन काळे डोळे दिसत. ते माझ्या मुठीकडे बघत आणि निघून जात.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग रान्वा आली.

रान्वा म्हणजे मारिनची पणती. मारिनची मुलगी ओलुवा, ओलुवाची मुलगी बिरिता आणि बिरिताची ही मुलगी. ओलुवाची आणि बिरिताची मनगटं सरळ होती. रान्वाचीही लहानपणी सरळच दिसायची. ती उंच व्हायला लागली आणि एका वर्षात दोन्ही मनगटांवर तो उंचवटा उठला. शाळेत मुलींनी "कोंबडीचे पाय" असं नाव ठेवलं. तेव्हापासून ती लोकरी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून हिंडायची, उन्हाळ्यातसुद्धा.

आमच्या गावाच्या बायकांची होडी संत ओलावच्या सणातल्या शर्यतीत बऱ्याच वर्षांत जिंकली नव्हती. त्या होडीचा सुकाणू धरणारा आणि शिकवणारा होग्नी नावाचा माणूस होता. दाढीवाला, बडबड्या, मनानं वाईट नाही, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघायचं नाही. शाळेच्या सभागृहात नव्या मुलींकडून जोर काढून घेताना त्याला दिसलं, की रान्वाचा तळवा जमिनीला टेकतच नाही. तिच्या बाह्या मागे सरकल्या होत्या. होग्नीनं जोर तिथेच थांबवले. मग तो तिला आणि बाकीच्या बायकांना घेऊन सरळ होडीघरात आला, मला खाली काढलं, ओली मूठ स्वतःच्या स्वेटरला पुसली आणि तिच्या हातात दिलं.

तिची बोटं माझ्या खळग्यांत अलगद उतरली. सगळी. अंगठ्यासकट.

"वल्ह्यानं ओळखलं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. रान्वानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्यानंतर होडीतली ती जागा टिकवण्यासाठी ती काहीही सोसायला तयार होती, आणि धोका नेमका तिथेच होता.

होग्नीनं तिला दुप्पट कामाला लावलं. बाकीच्यांनी जितके जोर काढायचे त्याच्या दुप्पट हिनं, तेही तळवे टेकवून. बाकीच्या बायका आडव्या दांड्याला लोंबकळून थांबल्या तरी हिनं लोंबकळत राहायचं. वर हसून म्हणायचा, "तुला काय गं, तुझा हात पाण्याचा. आम्ही बिचारी हाडामांसाची माणसं." तीही हसायची. घरी मात्र ती वाळवलेलं मटण आईकडून कापून घ्यायला लागली. बरणीचं झाकण उघडेना, तर रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा नको म्हणायची. हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. लाकूड ऐकतं, सुतारानं सांगितलंच होतं. ओलुवानं ते पाहिलं. म्हातारी काही बोलली नाही. ती तर मारिन गेल्यापासून होडीघराच्या बाजूला फिरकलीच नव्हती.

मग ती धुक्याची दुपार आली. होडी खाडीच्या मधोमध होती आणि दोन्ही किनारे दिसेनासे झाले होते. होग्नी ठेका देत होता. आधी एक सील वर आला. मग दुसरा. मग रान्वाच्या बाजूला एक रांगच झाली आणि दर ठेक्याला ती डोकी होडीबरोबर पुढे सरकू लागली.

"बघा, पाहुणे आले," होग्नी खुशीत म्हणाला. "घरचं माणूस बघायला आलेत. जोर लाव, रान्वा."

तिनं जोर लावला. तिच्या करंगळीतली जाण गेलेली मला कळली. मग मधल्या बोटांतली. मनगट माझ्या खळग्यानं वाकवलं होतं तसंच वाकलेलं होतं आणि त्यावर सगळ्या होडीचं ओझं येत होतं. ती बोलली नाही. ओठ आवळून वल्हवत राहिली. शेवटी होग्नीनं थांबा म्हटलं, सगळ्यांनी वल्ही आत घेतली, आणि ही तशीच बसून राहिली.

"सोड आता," होग्नी म्हणाला.

"सुटत नाहीये."

"चेष्टा पुरे, पोरी."

"होग्नी, माझा हात सुटत नाहीये."

पुढच्या बाकावरची बाई वळली आणि तिनं रान्वाचं एकेक बोट माझ्यापासून उचकटून काढलं. प्रत्येक बोटाखालून पाणी निघालं. मी तिला धरून ठेवलं नव्हतं, मित्रांनो. लाकूड कुणाला धरत नाही. पण त्या खळग्यांत कुणाचा तरी हात होता, आणि तो तिच्या हातावर घट्ट मिटलेला मला जाणवत होता. सगळी डोकी एकदम पाण्याखाली गेली.

बिरितानं लेकीला राजधानीत, तोर्शावनच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एल्स्पा नावाची बाई हातापायांचे व्यायाम शिकवायची. तिनं हाडांचे फोटो पाहिले, मनगट चाचपलं आणि विचारलं की तू धरतेस काय, ते मला बघायचंय. म्हणून मी होग्नीच्या गाडीच्या टपावर, शेपटीला लाल फडकं बांधून, बोगद्यातून राजधानीला गेलो. समुद्राखेरीज मी पाहिलेलं जग एवढंच.

एल्स्पानं मला दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. रान्वाचा हात माझ्या मुठीवर ठेवायला लावला आणि खाली वाकून बाजूनं बघत राहिली. मग तिनं ओली मूठ पुसली. पाणी पुन्हा आलं. तिनं ते पाहिलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही.

"ही मूठ हाताच्या आकाराची नाही," ती म्हणाली. "दुखण्याच्या आकाराची आहे. कुणीतरी जन्मभर असं दुखत दुखत हिला धरलंय."

मग तिनं समजावून सांगितलं. रान्वाच्या हाताचं एक हाड एका बाजूनं नीट वाढत नाही, म्हणून मनगट तिरकं बसतं. असा हात वाकवून त्यावर भार टाकला की आतल्या नसा दाबल्या जातात, बोटं बधिर होतात, आणि तेच पुन्हा पुन्हा केलं की हात कायमचा जायबंदी होऊ शकतो. रान्वानं विचारलं की म्हणजे वल्हवणं बंद का. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की होग्नीनंसुद्धा मान खाली घातली.

"व्यायाम बंद करायचा नाही," एल्स्पा म्हणाली. "उलट हाताभोवतीचे स्नायू बळकट हवेत. मनगट वाकवून वजन घेणं बंद. आणि सोसणं बंद." मुठीला जाड करा, सरळ करा, म्हणजे मनगट सरळ राहील, असं तिनं होग्नीला सांगितलं.

होग्नीनं रीत सांगितली. मारिननं याच मुठीवर आयुष्य काढलं, तिनं कधी तक्रार केली नाही, असंही म्हणाला. शेवटी शेवटी तिचे हात कसे होते, असं एल्स्पानं विचारलं. होग्नीला ते माहीत नव्हतं. बिरितालाही नव्हतं.

मी होडीघरात परत आलो तेव्हा तुळईखाली गावातली बरीच माणसं जमली होती. मुठीला हत्यार लावायचं का, यावर वाद चालला होता. रान्वानं दुसरं वल्हं घ्यावं, असं एक जण म्हणाला. मग सीलचा हात होडीत घेऊन उपयोग काय, असं दुसरा म्हणाला. रान्वाच्या बाह्या पुन्हा बोटांपर्यंत खाली आल्या होत्या. तेवढ्यात ओलुवा उंबरा ओलांडून आत आली आणि लोक बाजूला झाले. तिच्या हातात करवत होती.

"शाळेत जायच्या आधीपासून मी आईची बटणं लावायचे," ती म्हणाली. "खाडीवरून आली की ती दार लावून घ्यायची आणि बटाटे उकडलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसायची. मला म्हणायची, गावात बोलू नकोस, सीलचा हात दुखत नसतो. शेवटी शेवटी मी तिला चमच्यानं भरवलं. मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते. दुखायचा. रोज दुखायचा."

तिनं मला बाकावर ठेवायला लावलं.

"ओलुवा," होग्नी हळूच म्हणाला, "समुद्र मागेल."

"मागू दे. माझं घ्यावं. म्हातारं आहे, पण आहे."

तिनं करवत चालवली. मला वाटलं होतं, आपण ओरडू. तसं झालं नाही. दाते खोलवर गेले तेव्हा माझ्यातून एक लांब उसासा निघाला, आणि तो माझा नव्हता. सगळ्यांनी तो ऐकला. मूठ तुटून ओलुवाच्या ओच्यात पडली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, बोटं खळग्यांवरून फिरवली आणि तिला रडू आवरेना. मग ती उतारावरून खाली पाण्यापर्यंत गेली आणि तिनं ती लांब फेकली.

भरतीची वेळ होती. आमच्या किनाऱ्यावर भरतीला सगळं परत येतं, शेवाळ, तुटकी जाळी, मेलेले पक्षी. ती मूठ परत आली नाही. येणाऱ्या पाण्याच्या उलट, सरळ खाडीच्या तोंडाकडे निघाली. वाटेत तिच्या शेजारी एक गुळगुळीत डोकं वर आलं आणि थोडा वेळ बरोबर गेलं. मग दोन्ही दिसेनाशी झाली. ओलुवाला पुढे काहीच झालं नाही. ती अजून आहे आणि होग्नीला येताजाता टोमणे मारते.

मला नवी मूठ बसवली. जाड, गोल, वर लोकरीची दोरी गुंडाळलेली. त्या वर्षी रान्वा शर्यतीत उतरली नाही. मनगटाला पट्टा बांधून, बाह्या वर करून ती किनाऱ्यावर बसली होती आणि आमची होडी शेवटून दुसरी आली. हिवाळाभर एल्स्पानं सांगितल्याप्रमाणे तिचा व्यायाम चालला. तळव्यांवर जोर नाहीत, कोपरापासूनच्या हातावर अंग तोलायचं. वजन हलकं घ्यायचं आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ ठेवायचं. लोंबकळायचं नाही. ओढायचं ते पायांनी आणि पाठीनं, हातानं नुसतं धरायचं. आधी हात कोमट करायचे. बोटाला मुंग्या आल्या की थांबायचं. सोपं वाटतं ना? पण थांबणं तिला सगळ्यांत जड गेलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि ते बोलून दाखवायचं म्हणजे आणखी कठीण.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा पुन्हा तसंच धुकं पडलं. होडी खाडीच्या मधोमध होती. होग्नी ठेका देत होता. होडीनं चांगला वेग धरला होता, आणि शर्यत अगदी तोंडावर होती. रान्वाच्या करंगळीत मुंग्या आल्या. मला कळलं. माझ्या बाजूला, हाताच्या अंतरावर, एक सील वर आला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला. हातांकडे नाही.

"थांबा," रान्वा म्हणाली. "दुखतंय."

आमच्या बाकावरून हा शब्द पूर्वी कधी आला नव्हता. सगळी वल्ही पाण्याबाहेर निघाली. होग्नीनं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "थांबलो." होडी धुक्यात नुसती तरंगत राहिली. रान्वानं बोटं मोकळी केली, पट्टा पुन्हा बांधला, हात मांडीवर ठेवून बसली. कुणी घाई केली नाही. सीलनं तेवढा वेळ पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि खाडीच्या तोंडाकडे निघून गेला.

शर्यतीत आमची होडी दुसरी आली. होग्नी सांगतो तेव्हा ती पहिली आलेली असते.

त्या धुक्याच्या दिवशी मला टांगताना रान्वानं माझी मूठ चाचपली. तोवर नव्या मुठीची दोरीही ओलीच राहत असे, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिनं बोट फिरवलं, मग पैजेतल्या पोरांसारखी जीभ लावून पाहिली.

"काही लागत नाही," ती म्हणाली. "नुसती लोकर लागते."

तेव्हापासून मी कोरडा आहे. धुकं पडतं, पण उतारावरून कुणी वर येत नाही. कधी कधी मला चुकल्यासारखं होतं. त्या काळ्या डोळ्यांची मला सवय झाली होती.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला वर्षातून एकदा तेल पुरतं. पण एखादी जुनी खाच तुमच्या हाताला नेमकी बसली, तर ती कुणाच्या कशानं पडली होती ते आधी विचारा. व्यायाम करा, खेळा, होड्या वल्हवा. आणि दुखलं तर मोठ्यानं सांगा. जे तुम्ही गिळाल ते कुठे जात नाही, मी ते वर्षानुवर्षं मुठीत धरून होतो.